‘कोयता’ या संज्ञेतील दुसरी व्यक्ती

लक्षणेचे विवेचन करताना आपल्या साहित्यशास्त्रात भाल्यांचे एक उदाहरण परंपरेने दिले जाते. भाले आत शिरत आहेत असे कोणी म्हटले, तर शिरणारे भाले नसून भालेकरी आहेत हे ऐकणाऱ्याला तत्काळ उमगते. मुख्यार्थाला बाध येतो, पण तो नाहीसा होत नाही. भाला आपल्याबरोबर भाला धरणाऱ्यालाही अर्थात ओढून आणतो, म्हणून ही उपादानलक्षणा. सरळ ‘भालेकरी’ न म्हणता ‘भाले’ म्हणण्यामागे काही प्रयोजन असते. त्या गर्दीचा दाटपणा, तिची टोके मनासमोर उभी करायची असतात.

इंदापूर तालुक्यातील सणसर आणि त्याला लागून असलेल्या भवानीनगरच्या परिसरात दरवर्षी दिवाळीच्या आसपास हाच भाषिक व्यवहार घडतो, आणि तो करणाऱ्यांना साहित्यशास्त्राशी कर्तव्य नसते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होण्याच्या सुमारास विचारणा होते ती ‘किती कोयते आले?’ अशी. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना अशा जिल्ह्यांतून माणसे आलेली असतात, तरी मोजणी कोयत्यांची होते. मात्र भाल्यांच्या उदाहरणात आणि या उदाहरणात एक महत्त्वाचा भेद आहे. एका भाल्यामागे एक भालेकरी असतो. एका कोयत्यामागे मात्र दोन माणसे असतात, नवरा आणि बायको. एकटा पुरुष किंवा एकटी स्त्री म्हणजे ‘अर्धा कोयता’. एका वस्तूच्या नावात दोन व्यक्ती सामावल्या की त्या दोघींपैकी कोणाचा अर्थ पुढे येतो आणि कोणाचा मागे राहतो, हा प्रश्न अलंकारशास्त्राच्या कक्षेत मावत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. आणि त्याची कसोटी म्हणून येथे घेतला आहे तो या एककाच्या आत होणारा मार.

सणसर हे गाव तसे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती-काटेवाडीकडून येऊन येथे मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून जाते. त्या एका रात्रीच्या पाहुण्यांसाठी घरोघरी चुली पेटतात. पाच-सहा महिने राहणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांसाठी मात्र गावाच्या कडेची मोकळी जागा असते, आणि तीवर कोप्या उभ्या राहतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागाला बागायत दिली. त्या बागायतीतला ऊस तोडायला जे येतात ते अवर्षणाच्या प्रदेशातून येतात. पाणी असलेला प्रदेश आणि पाणी नसलेला प्रदेश यांच्यातील हा व्यवहार आर्थिक अभ्यासकांनी पुष्कळ मांडला आहे. येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. आपल्याला हवा आहे तो या व्यवहाराचा व्याकरणाकडील भाग.

हंगामाआधी मुकादम ‘उचल’ देतो. ती रक्कम कोयत्यामागे ठरते, म्हणजे जोडीमागे. घेतो पुरुष, सही किंवा अंगठा त्याचा, पैसे खर्च होतात ते मागच्या कर्जाकडे, लग्नाकडे, दवाखान्याकडे, घराकडे. फेडायचे मात्र दोघांनी, तोडलेल्या उसाच्या टनांवर. फडात दोघेही तोडतात. मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून वाहनापर्यंत नेणे यांत स्त्रीचा वाटा मोठा असतो. शिवाय पहाटेची भाकरी, पाणी, पोर, कोपीतली आवराआवर ही कामे कोणत्याच टनात धरली जात नाहीत. एखाद्या दिवशी काम बुडाले तर ‘खाडा’ लागतो, तोही कोयत्याला. बाई आजारी पडली तर कोयता आजारी पडला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली असल्याचे तीत आढळले. मासिक पाळी, अंगावरून जाणे, प्रसूती हे सारे जिथे खाड्याच्या हिशेबात येते, तिथे अवयवही हिशेबात येतो. ‘कोयता’ ही लक्षणा आता रूढ झाली आहे हे खरे, परंतु रूढ झालेल्या लक्षणेचे प्रयोजन संपतेच असे नाही. येथे ते प्रयोजन पुरते जिवंत आहे: दोन देह, एक कर्ज, एक मजुरी.

इंग्रजी विधिपरंपरेत एक कल्पना दीर्घकाळ प्रमाण मानली गेली होती. विवाहाने पती आणि पत्नी कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात, आणि ती व्यक्ती म्हणजे पती. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने तिची मांडणी केली, एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने तिच्यावर घणाघात केला, आणि विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यांनी ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. आपल्याकडे अशा सिद्धांताची गरज पडली नाही, शब्द पुरले. जुन्या मराठीत, आणि अजूनही थोड्याफार बोलण्यात, ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नी. समग्राच्या नावाने एका घटकाचा निर्देश करण्याची ही दुसरी लक्षणा. गंमत अशी (आणि ती गंमत कडू आहे) की ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा अलीकडचा कायदेशीर समास जुन्या अर्थाने वाचला, तर हिंसा कोणावर होते ते तो अचूक सांगतो. आणि नव्या अर्थाने वाचला, तर तेच झाकून टाकतो. कुटुंबात हिंसाचार होतो म्हटले की मारणारा आणि मार खाणारी दोघेही त्या विशेषणाच्या आड जातात.

एका एककाच्या आत घडलेली कृती ही दोन व्यक्तींमधील कृती म्हणून दिसणेच अवघड होते, हा माझा मुख्य मुद्दा आहे. माझ्या उजव्या हाताने डाव्या हाताला मारले तर त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. कोयत्याने कोयत्याला मारले याला टोळीत नाव आहे ते ‘नवरा-बायकोचे भांडण’. भांडण या शब्दाला दोन बाजू लागतात आणि त्या समान धरल्या जातात. मार मात्र एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो.

बाहेरचा माणूस, मग तो पत्रकार असो, कार्यकर्ता असो की न्यायाधीश, लगेच विचारतो, ‘मग ती निघून का जात नाही?’ हा प्रश्न सहानुभूतीने विचारला जातो, म्हणून त्यातील गृहीतक लक्षात येत नाही. गृहीतक असे की दार आहे, ते आतून उघडते, आणि बाहेर जायला जागा आहे. ती तिन्ही विधाने येथे तपासावी लागतात. ती गेली तर कोयता मोडतो. उरतो अर्धा कोयता आणि पूर्ण उचल. उचल फिटेपर्यंत मुकादमाला ती जागेवर हवी असते. टोळीलाही ती हवी असते, कारण टोळीचा भरणा घटतो. म्हणजे तिच्या राहण्यात नवऱ्याखेरीज अनेकांचा रोख हितसंबंध असतो. रात्री मार झाल्यावर सकाळी चार बायाबापड्यांनी आणि मुकादमाने मिळून जो समेट घडवावा, त्याला आपण ‘परंपरेचा दाब’ असे नाव देऊन मोकळे होतो. परंपरेचा दाब असेलही. पण त्या समेटात वसुली असते, आणि हे सांगितल्याशिवाय परंपरेचे वर्णन अपुरे राहते.

आणि जायचे कुठे? मराठी मनाने या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात साठवून ठेवले आहे: माहेर. आपल्या ओव्या आणि अभंग या शब्दाने भरले आहेत. देवालाही माहेर करून टाकण्याइतका तो भरवशाचा वाटला. पण ऊसतोडीच्या कुटुंबातल्या मुलीचे आईबाप हेही बहुधा कोयताच असतात. सासरचा कोयता भवानीनगरला तर माहेरचा कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. हंगामाच्या त्या महिन्यांत गावच्या घरात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले राहतात. माहेर ही जागा त्या काळापुरती नकाशावरच नसते. स्थलांतराचा हा परिणाम मजुरीच्या आकड्यांत दिसणार नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, एक मोलाची गोष्ट केली. त्याने पत्नीला राहत्या घरातून हुसकावता येणार नाही असा हक्क दिला. घर नवऱ्याच्या मालकीचे आहे की नाही हा मुद्दा त्याने दुय्यम केला. तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयातही ती दाद मागू शकते, म्हणजे बीडच्या बाईला इंदापुरात अर्ज करता येतो. कागदावर हे स्थलांतरितेच्या सोयीचे आहे. परंतु कोपी ही बांबू, पाचट आणि ताडपत्रीची; जागा दुसऱ्याची; पट्टा पडला की मोडायची. जे घर एप्रिलमध्ये उरणारच नाही त्यात राहण्याचा हक्क म्हणजे काय, याचे उत्तर कायद्यात नाही. कायदा ज्या स्त्रीची कल्पना करतो तिच्या घराला भिंती असतात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्याचेही असेच झाले. बीडहून इंदापुरास येणारा माणूस राज्याची सीमा ओलांडत नसल्यामुळे त्या कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतरितच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणी दिलेला निर्णय या संदर्भात मुळातून वाचण्यासारखा आहे. सासर सोडून आलेल्या स्त्रीला ती जिथे आश्रयास आली तेथेच क्रूरतेची तक्रार नोंदवता येईल, असे न्यायालयाने ठरवले. मारहाण सासरी झाली तरी तिच्या मनावरचा आघात आश्रयाच्या जागीही चालूच राहतो, म्हणून गुन्ह्याचा परिणाम तेथेही घडतो, अशी या निर्णयामागील भूमिका आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही फार दूरची झेप आहे. क्रूरता ही एका ठिकाणी, एका वेळी घडून संपणारी घटना नसून ती भोगणाऱ्या व्यक्तीबरोबर प्रवास करणारी अवस्था आहे, हे येथे मान्य झाले. साहित्याने हे पूर्वीच ओळखले होते असे आपण म्हणू. पण साहित्याने ओळखलेल्या गोष्टीला न्यायालयाची हद्द मिळते असे क्वचितच घडते.

स्थलांतर सीमेपलीकडचे असले की हाच प्रश्न वेगळ्या पोशाखात येतो. अमेरिकेत नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची पत्नी ‘आश्रित’ म्हणून जाते. तिच्या परवान्याचे नावच मुळी त्याच्या परवान्यावर टेकलेले असते. २०१५ पर्यंत अशा पत्नीला नोकरी करण्याची परवानगी सर्वसाधारणपणे नव्हती, आणि त्या वर्षी मिळाली तीही काही ठरावीक गटाला. ब्रिटनमध्ये लग्न होऊन गेलेल्या स्त्रीला आरंभीचे एक वर्ष विवाह टिकवून दाखवावा लागे. तो मोडला तर देशात राहण्याचा तिचा हक्क धोक्यात येई. मारहाण सिद्ध करू शकणाऱ्या स्त्रियांना १९९९ साली जी सवलत मिळाली, ती लंडनच्या साऊथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटनांच्या प्रदीर्घ लढ्यानंतर. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’ या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था उभ्या राहिल्या, त्या वेळी परदेशस्थ भारतीयांच्या आत्मप्रतिमेला ते आवडले नव्हते. कष्टाळू, सुशिक्षित, कुटुंबवत्सल अशी जी प्रतिमा त्या समाजाने कमावली होती तिला तडा जातो, हा आक्षेप होता. मराठी मंडळांची संमेलने, नाटके आणि गणेशोत्सव यांनी परदेशात जो ‘महाराष्ट्र’ उभा केला, त्यातही या विषयाला जागा मिळायला वेळ लागला.

आश्रितेचा परवाना आणि कोयता यांची तुलना करण्याचा मोह होतो, आणि एका मर्यादेपर्यंत ती योग्य आहे. दोन्हीकडे स्त्रीचे एखाद्या ठिकाणी असणे हेच नवऱ्याच्या असण्यातून सिद्ध होते. दोन्हीकडे तिसरा एक पक्ष, कधी मुकादम तर कधी परराष्ट्राचा कायदा, तिच्या निघून जाण्याची किंमत ठरवतो. पण ही तुलना अधिक ताणली तर ती खोटी होईल. न्यू जर्सीतील बंद खोलीत मार खाणाऱ्या मराठी स्त्रीची व्यथा अशी की कोणाला ऐकूच जात नाही. शेजारी अनोळखी, भाषा परकी, भिंती जाड. सणसरच्या कोपीतल्या स्त्रीची व्यथा उलटी. तिथे भिंत पाचटाची. एका कोपीतला आवाज दहा कोप्यांना ऐकू जातो. लपलेले असे काहीच नसते. ‘मौन’, ‘मुका आक्रोश’, ‘दडपलेला आवाज’ ही आपल्या समीक्षेची आवडती रूपके तिथे निकामी होतात, कारण आवाज दडपलेला नाही. तो ऐकला गेला आहे आणि त्याने काहीही घडलेले नाही.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८ चा सुप्रसिद्ध निबंध आपल्याकडे पुष्कळ उद्धृत झाला, पण बहुतेक वेळा ‘वंचित स्त्री बोलू शकत नाही’ अशा सोप्या रूपात. तिचे बोलणे ‘बोलणे’ म्हणून घेतले जाईल अशी व्यवस्थाच नसते, हा त्यातील अधिक टोकदार भाग मागे पडला. पुढे २००७ मध्ये मिरांडा फ्रिकर यांनी ज्ञानविषयक अन्यायाची संकल्पना मांडली. त्यातील एक प्रकार असा की एखाद्या अनुभवासाठी समाजाजवळ संकल्पनाच नसते, म्हणून तो भोगणाऱ्याला स्वतःलाही त्याचा अर्थ लावता येत नाही. ही मांडणी उपयुक्त आहे, पण मराठीच्या संदर्भात ती जशीच्या तशी लागू होते असे मला वाटत नाही. आमच्या बायकांजवळ शब्दांची वाण कधीच नव्हती. जाच, छळ, सासुरवास, मार, कुटणे, बडवणे, जीव नकोसा करणे अशी किती तरी सूक्ष्म छटांची नावे तयार आहेत. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात नवऱ्याच्या माराला आणि सासरच्या जाचाला किती वाटा आहे हे कोणीही पाहावे. संकल्पना होती, शब्द होते, छंदही होता. कमी होती ती अशा ऐकणाऱ्याची, ज्याने ऐकल्यावर काही करणे त्याच्यावर बंधनकारक होते. ओवी ऐकणारे जाते होते आणि समोर बसलेली दुसरी सासुरवाशीण होती.

या ठिकाणी भाषेतील एका क्रियापदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. स्त्री ‘नांदते’, पुरुष तिला ‘नांदवतो’. पहिले अकर्मक, दुसरे प्रयोजक. नांदवणारा कर्ता, नांदणारी कर्म. मराठीत पुरुषाने पत्नीकडे ‘नांदणे’ ही क्रिया संभवत नाही, घरजावयाची थट्टा सोडली तर. नांदवण्याची विरुद्ध क्रिया ‘टाकणे’, तिचाही कर्ता तोच. निघून आलेली बाईसुद्धा गावाच्या बोलण्यात ‘टाकलेली’ होते. तिने स्वतः घेतलेला निर्णयही त्याच्या क्रियेत जमा होतो. रखमाबाईंच्या खटल्यात, १८८४ ते १८८८ या काळात, सारा महाराष्ट्र याच व्याकरणावर तर भांडत होता. लहानपणी लागलेल्या लग्नाच्या पतीकडे जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८७ मध्ये नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्यांनी त्या क्रियापदाचा कर्ता व्हायला मागितले होते.

सणसरहून नीरेपलीकडे फार लांब नाही असे फलटण. तेथे राहून बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले. ते प्रथम ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या हिंसेची जी वर्णने त्यात आहेत ती मराठी वाचकाने पूर्वी वाचली नव्हती: संशयावरून नाक कापणे; पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा. पण लेखिकेच्या स्वतःच्या नवऱ्याचा मार त्या पुस्तकात नाही. तो प्रकट झाला माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासोबत २००८ मध्ये आलेल्या मुलाखतीत. नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी त्या तेथे मोकळेपणाने बोलल्या. लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरातल्या माणसांपासून लपवून ठेवावे लागले हेही त्यांनी सांगितले.

या माहितीचे समीक्षेने काय करावे? एक पक्ष म्हणतो, लेखिकेने स्वतःला दडपले, ‘आम्ही’च्या आड ‘मी’ लपवली. म्हणून आता मुलाखतीच्या प्रकाशात पुस्तकाचे पुनर्वाचन करून ती ‘मी’ बाहेर काढली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, समाजाचे दुःख मोठे, वैयक्तिक दुःख लहान, हा त्यांचा निवडलेला विवेक होता, त्याचा आदर करावा. पहिल्या पक्षाला कबुलीजबाबाची चटक लागली आहे. जोवर नवऱ्याचे नाव येत नाही तोवर स्त्रीचे आत्मकथन त्याला अपुरे वाटते. मल्लिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये तसे नाव घेतले तेव्हा याच वाचकवर्गाचा एक भाग कोणत्या उत्सुकतेने ते पुस्तक वाचत होता हे विसरता कामा नये. दुसरा पक्ष मात्र अधिक घातक आहे, कारण तो सभ्य आहे. दुःखांची मोठी-लहान अशी प्रतवारी करून स्त्रीला तिने आपल्या दुःखाला लहान मानले याबद्दल शाबासकी देणे, हेच तर टोळीतल्या समेटात घडत असते.

मला असे वाटते की ‘जिणं आमुचं’मधील ‘आम्ही’ आणि हिशेबाच्या वहीतील ‘कोयता’ ही बहुत्वाची दोन परस्परविरुद्ध रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये पुष्कळ बायका आहेत, प्रत्येकीच्या नाकाची, पायाची, भुकेची तिथे वेगळी नोंद आहे, आणि हे बहुवचन लेखिकेने स्वतः घेतले आहे. ‘कोयता’ हे दोघांचे एकवचन दुसऱ्याने लादलेले आहे. स्वतःवरचा मार बेबीताईंनी पुस्तकात लिहिला नाही हे खरे. पण मार म्हणजे काय, तो कोण कोणाला देतो, हे त्यांनी कोणत्याही समासाच्या आड जाऊ दिले नाही. आणि खोडा! पायातले ते लाकूड दिसत होते, मोजता येत होते, त्याच्याकडे बोट दाखवता येत होते. उचल हा न दिसणारा खोडा आहे. तो बाईच्या पायात आहे हे मान्य करण्यासाठी आधी हे मान्य करावे लागते की तो घालताना तिला विचारले नव्हते.

कागदाचा प्रश्न येथे निघतोच. पुण्यातील मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा १९८२ मध्ये मृत्यू झाला, आणि त्यानंतर शहरात स्त्रियांची जी चळवळ उभी राहिली तिने मराठी मध्यमवर्गाला हलवले. १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडले. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी याची त्यात दिलेली पंचसूत्री आजही प्रत्येक न्यायालयात सांगितली जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या निकालाकडे वेगळ्या कारणासाठी पाहावे. तिने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायाधीशांनी संहितेसारखी वाचली. मनःस्थिती, सूर, न लिहिलेले काय याचा विचार केला. आणि आत्महत्येची शक्यता उरते म्हणून थांबले. फौजदारी न्यायाला असेच थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे: एक पर्यायी वाचन शिल्लक असेपर्यंत त्याने शिक्षा देऊ नये. पण ही कसोटी न्यायालयाबाहेर नीतीची म्हणून वापरली की अनर्थ होतो. शेजाऱ्याला, सासऱ्याला, मुकादमाला शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही. त्याने रात्री आवाज ऐकलेला असतो.

मंजुश्रीजवळ निदान पत्रे होती. ऊसतोड स्त्रीविषयी लिहिलेला कागद म्हणजे मुकादमाची वही, आणि तीत ती अर्ध्या एककाच्या रूपात आहे. तिचा मार वाचायला संहिताच नाही. म्हणून जे सहृदय लोक तिच्याविषयी लिहितात ते तिच्यासाठी संहिता रचतात. त्यातून गेली काही वर्षे एक साचाही तयार झाला आहे: दारू पिणारा नवरा, सोसणारी बाई, पाचटाची कोपी, मावळता सूर्य. या साच्यात मार हा गरिबीचा गुणधर्म होऊन बसतो. सणसर-भवानीनगर पट्ट्यातील बंगल्यांच्या जाड भिंतींआड काय चालते, ते या साच्याला दिसत नाही. तिथे पाचट नाही म्हणून आवाज येत नाही, एवढेच. परदेशातही नेमके हेच घडले. किरणजित अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवले. खुनाची जन्मठेप १९९२ मध्ये रद्द झाली, पण त्यासाठी तिची मानसिक जबाबदारी क्षीण झाली होती हे दाखवावे लागले. दीर्घकाळ साचत गेलेला संताप हे कारण कायद्याच्या क्षणिक प्रक्षोभाच्या व्याख्येत बसेना, आजार बसला. तिच्या समाजाची ‘संस्कृती’ मात्र सर्वांना कारण म्हणून पटत होती.

आता आक्षेप असा येईल की सारा दोष उचलीवर, मुकादमावर आणि व्याकरणावर टाकला तर मारणारा हात सुटतो. हा आक्षेप गंभीर आहे. आपल्या डाव्या चळवळीत हा वाद दीर्घकाळ चालला: नवराही शोषित, त्याला फडात दिवसभर अपमान गिळावे लागतात, तो रात्री ते ओकतो, व्यवस्था बदलली की हे थांबेल. या युक्तिवादात खरे किती आहे ते कोणाही निरीक्षकाला कळते. पण त्यात एक तार्किक खोट आहे. फडात दिवसभर तीच अवहेलना, शिवाय वर मुकादमाची नजर, बायकोनेही सोसलेली असते, ती रात्री कोणाला मारत नाही (पोरांना मारते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही असेल, पण मग मार नेहमी उतारावरून खालीच का वाहतो, हे सांगावे लागेल). शोषण हे माराचे इंधन असू शकते, दिशा नव्हे. दिशा येते ती या खात्रीतून, की समोर आहे ती दुसरी व्यक्ती नसून आपलाच अर्धा भाग आहे, आणि त्याबद्दल कोणालाही जाब द्यायचा नाही. ही खात्री त्याला वहीने दिली, पण वापरली त्याने. दोषाची ही दोन खाती वेगळी ठेवता येतात, आणि एकाची रक्कम दुसऱ्यातून वजा करण्याचे कारण नाही.

म्हणून मजुरी दोघांच्या नावे वेगळी लिहावी, उचलीवर तिचीही स्वतंत्र संमती असावी, या मागण्यांकडे मी निव्वळ आर्थिक मागण्या म्हणून पाहत नाही. त्या लक्षणा मोडण्याच्या मागण्या आहेत. वहीत दोन ओळी आल्या की मार एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना दिसू लागेल. तेवढ्याने तो थांबेल असे नाही. न्यू जर्सीतल्या पत्नीच्या नावे स्वतंत्र बँकखाते असूनही ती मार खाऊ शकते. ऊसतोडीचे यंत्र आता या भागातल्या फडांत फिरू लागले आहे. त्याला जोडी लागत नाही, कदाचित ही संज्ञाच काही वर्षांनी लयास जाईल. पण ज्यांची गणना तिने केली त्यांचे काय झाले हे तेव्हा कोणत्या नोंदीवरून शोधणार, हा प्रश्न उरतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन केले. कामगारांच्या नोंदणीचे काम त्यानिमित्त सुरू झाले. नोंदणीचा एकक काय धरला आहे ते पाहणे अगत्याचे आहे.

चैत्राच्या सुमारास पट्टा पडतो. बांबू सुटे होतात, ताडपत्री घडी होते, भांडी वाहनावर चढतात. मुकादम हिशेब करतो. उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर ओढली जाते, आणि दिवाळीनंतर तोच कोयता पुन्हा यायचा असतो. वहीत त्या बाकीसमोर एक नाव लिहिलेले असते.